मदत हवी आहे: हलवताच बंद पडणारा जुना लॅपटॉप

माझा जुना लॅपटॉप टेबलावर स्थिर असताना तासन्‌तास व्यवस्थित चालतो. मात्र जरासा उचलला किंवा तिरका केला, की कोणतीही सूचना न देता एकदम बंद पडतो. बॅटरी काढून केवळ अडॅप्टरवर आणि नंतर केवळ बॅटरीवर चालवून पाहिला असता दोन्ही वेळा तेच घडले, त्यामुळे दोष फक्त चार्जिंगच्या सॉकेटमध्ये नसावा असे मला वाटते. रॅम साफ करून पुन्हा बसवली आहे, आणि पंखाही नीट फिरतो. म्हापशातील दुरुस्तीवाल्यांनी थेट मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला दिला, जो इतक्या जुन्या यंत्रासाठी मला परवडणारा नाही. घर किनाऱ्याजवळ असल्याने खाऱ्या, दमट हवेमुळे जोड गंजले असण्याची शक्यताही आहे. माझ्याकडे मल्टिमीटर आहे, पण सोल्डरिंग येत नाही. आत सुटलेला एखादा स्क्रू, पॉवर बटणाची सैल केबल आणि मदरबोर्डवरील तडकलेला सोल्डर जोड, यांपैकी नेमका दोष कोणता, हे कोणत्या क्रमाने तपासावे?