मदत हवी आहे: वॉर्डात भावाचा मोबाइल काढून घेतलाय

घाईत_आहे: भाऊ मनोरुग्णालयात दाखल आहे. त्याला स्वतःच्या आजाराबद्दल नेटवर वाचायचंय, पण मोबाइल देत नाहीत. हे कायद्यात बसतं का? उद्या भेटीची वेळ आहे, लवकर सांगा.

कलमदान: नाही बसत. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम २६. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर कलम २८ खाली मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जा.

वॉर्डसिस्टर: अर्धंच सांगताय. कलम २६ मध्ये फोन आणि ईमेल आहे, फोनही वाजवी वेळी आणि रुग्णालयाच्या नियमांना धरून. नेट बघण्याचा उल्लेख नाही. चार्जरच्या वायरीने गळफास घेता येतो, कॅमेऱ्यात इतर रुग्ण येतात, म्हणून मोबाइल आत देत नाहीत. धागाकर्ते, आजार कोणता? औषध कोणतं? स्वतःहून दाखल झालाय (कलम ८६) की तुमच्या अर्जावर (कलम ८९)?

टॅबवाला: जुना टॅब द्या. सिम काढा, पानं आधीच डाउनलोड करून ठेवा. ३२ जीबी पुरेल.

वॉर्डसिस्टर: टॅबलाही कॅमेरा असतो, चार्जिंगही लागतं.

कलमदान: मग कलम २२ बघा. आजाराचं स्वरूप, उपचार, दुष्परिणाम रुग्णाला समजेल अशा भाषेत कळवणं बंधनकारक आहे.

घाईत_आहे: बायपोलर, म्हणजे मूड टोकाचा वर-खाली होतो. लिथियम चालू आहे. 'किडनी जाते' असा व्हिडिओ पाहून गोळ्या थुंकायला लागला, मग मोबाइल काढला. दाखल करण्याचा अर्ज माझ्या सहीचा.

वॉर्डसिस्टर: अहो, हे पहिल्याच ओळीत हवं होतं! 'काही होत नाही' असं त्याला सांगू नका. वर्षानुवर्षं घेतल्यावर किडनी आणि थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, म्हणूनच रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीसाठी), टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि लिथियमची पातळी तपासत राहतात. त्याचे स्वतःचे रिपोर्ट त्याला दाखवायला सांगा. व्हिडिओत नेमक्या कुठल्या वाक्याची भीती वाटली ते विचारा, प्रश्न कागदावर उतरवून डॉक्टरांच्या राउंडला द्या. प्रिंट नेणार असाल तर ब्रँडच्या नावाने नको, 'लिथियम कार्बोनेट' असं शोधा. स्टेपलरची पिन काढून न्या.

निसर्गमित्र: किडनीची काळजी असेल तर मीठ पूर्ण बंद करा.

वॉर्डसिस्टर: अजिबात नको! मीठ एकदम तोडलं की लिथियमची पातळी चढते. आयबुप्रोफेन या वेदनाशामकानेही चढते. हात जोरात थरथरणं, उलटी-जुलाब, बोलणं अडखळणं, तोल जाणं दिसलं तर लगेच ड्युटी डॉक्टरांना सांगा.

लॅबटेक: लिथियमची पातळी बघायला रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी घ्यायचं. साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवतात. नमुना लिथियम हेपरिनच्या हिरव्या झाकणाच्या नळीत घेतला तर (नळीतच लिथियम असतं) आकडा खोटाच वाढून येतो.

घाईत_आहे: मराठीतली माहिती कुठे मिळेल? त्याला इंग्रजी जमत नाही.

कलमदान: डॉक्टरांकडेच मागा, कलम २२ त्यासाठीच आहे. अर्जात भाषा स्पष्ट लिहा.

वॉर्डसिस्टर: अर्जाआधी तोंडी विचारा. आणि मोबाइल कायमचा मागू नका, सिस्टरसमोर ठरलेल्या वेळी अर्धा तास मागा.