आजीच्या पुस्तकातलं दुमडलेलं पान (बायकांची आत्मचरित्रं, कादंबऱ्या: तुमचे अनुभव लिहा)

माळ्यावरची:
काल माळा आवरताना आजीचं 'स्मृतिचित्रे' सापडलं, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र. पुठ्ठा निघालेला, शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने दुधाचा नि दळणाचा हिशेब. कॉलेजात हे पुस्तक मी वाचलं होतं ते 'लक्ष्मीबाईंचा विनोद' या टिपेपुरतं, पाच मार्कांसाठी. काल तिथेच धुळीत बसून पन्नासेक पानं वाचली. नवरा, म्हणजे कवी ना. वा. टिळक, न सांगता घर सोडून जातात, १८९५ साली ख्रिस्ती होतात, आणि ही बाई लहानग्या दत्तूला घेऊन मागे. पण सांगते कशी, तर शेजारीण कठड्याला टेकून सांगेल तशी. हसता हसता पोटात कालवतं. आजीने अख्ख्या पुस्तकात एकच पान दुमडलंय. कुठलं ते सांगते नंतर. तुम्हाला असं कुठलं पुस्तक भेटलंय का?

कुकरची_शिट्टी:
सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब घालून झाले की त्यांना रमाबाई रानड्यांच्या आठवणी वाचून दाखवायचे. रमाबाई शिकतात म्हणून घरातल्या बायका टोचून बोलतात, तो भाग आला. सासूबाई एकदम म्हणाल्या, "मी पण लिहायचे गं. वही होती." कुठंय म्हटलं. "बंबात घातली." आणि "वाच पुढे." वाचलं खरं, पण काय वाचलं ते आजही आठवत नाही. बाकी मग लिहिते, दूध ठेवलंय गॅसवर.

रिकामटेकडा:
सुनीता देशपांडेंचं 'आहे मनोहर तरी' १९९० ला आलं आणि आमच्या घरात जे दोन तट पडले ते अजून तसेच. बाबा म्हणतात सुनीताबाईंनी पुलंवर अन्याय केला. आई म्हणते, तुम्ही पुलं आलेत तेवढीच पानं वाचलीत. मी दोघांकडे बघून मान हलवतो. जेवायला मिळतं.

कुकरची_शिट्टी:
@रिकामटेकडा 😂 आई बरोबर आहे. (दूध उतू गेलं.)

बांधावरून:
सगळे वाडे नि माजघरंच चाललीत म्हणून लिहितोय. बेबी कांबळेंचं 'जिणं आमुचं' वाचा. फलटणला त्यांचं छोटं किराणा दुकान. पुडी बांधायला आणलेल्या रद्दीतच त्यांचं वाचन व्हायचं. गिऱ्हाईक नसलं की लिहायच्या आणि नवऱ्याला दिसू नये म्हणून कागद लपवून ठेवायच्या, एकदोन नाही, वीसेक वर्षं. पुस्तक निघालं १९८६ ला. गावाने महारवाड्याचं काय केलं ते त्यात आहेच, पण आपल्याच माणसांनी आपल्या बायकांचं काय केलं तेही बाईंनी सोडलं नाही. नवी सून, सासू, मार, सगळं. माझ्या आईला मी ते वाचायला दिलं. दोन दिवसांनी परत आणून ठेवलं, वर म्हणाली, "ह्यात काय नवीन लिवलंय?" मला आधी वाटलं आवडलं नाही.

माळ्यावरची:
@बांधावरून शेवटची ओळ दोनदा वाचली.

खिडकीतली_सीट:
'आयदान' कुणी वाचलंय? उर्मिला पवारांचं, २००३ चं. आई बांबूच्या टोपल्या, सुपं विणत बसलेली, त्यांना कोकणात आयदान म्हणायचे. आमच्या घरी एक जुनं सूप आहे, मी त्यात कोथिंबीर निवडते. पुस्तक वाचल्यापासून त्याची वीण बघत बसते नि लोकल चुकते. उतरायचंय, बाय.

जुनी_वाचक:
विभावरी शिरूरकर राहिल्या की! 'कळ्यांचे निःश्वास', १९३३. लेखिका मालती बेडेकर, पण टोपणनावामागे, आणि ही बाई कोण, बाईच आहे का, यावरच गदारोळ. शिकलेल्या, कमावत्या, लग्न न झालेल्या मुलींना मन नि शरीर असतं एवढंच तर लिहिलं होतं. मी चोरून वाचलं सत्तर सालच्या आसपास, गणिताच्या पुस्तकात घालून. गणितात नापास झाले तो दोष मात्र मालतीबाईंचा नाही. 😄

पुस्तकवेडी:
थोडं अवांतर. माळ्यावरच्या जुन्या पुस्तकांना कसर लागू नये म्हणून काय करता?

जुनी_वाचक:
कडुनिंबाचा वाळलेला पाला. आणि वर्षातून एकदा उन्हं दाखवायची.

रिकामटेकडा:
डांबरगोळ्या. फक्त नंतर पुस्तक वाचताना कपाटात बसल्यासारखं वाटतं.

पुस्तकवेडी:
पाला ओला नको ना? मागे बुरशी आली होती.

जुनी_वाचक:
कडकडीत वाळलेला. चुरून कापडाच्या पुरचुंडीत बांध.

कुकरची_शिट्टी:
आले परत. ते दुमडलेलं पान राहिलं ना गं @माळ्यावरची? सकाळपासून तेच डोक्यात आहे.

माळ्यावरची:
हो. टिळक निघून गेलेत आणि लक्ष्मीबाईंना लोक येऊन काहीबाही सांगतायत, ते पान. माझे आजोबा दोन वर्षं कुठेतरी होते. कुठे ते घरात कुणी बोलत नाही, फोटोंच्या अल्बममध्ये तेवढीच वर्षं नाहीत. मघाशी पुस्तक बाबांपुढे धरलं, कोपरा दाखवला. त्यांनी चष्मा लावला, पान वाचलं, मग उलटून मागचंही वाचलं. म्हणाले, "कसर लागलीय याला. बाकीच्या पुस्तकांत ठेवू नकोस."

मग स्वतःच्या उशाशी ठेवून घेतलंय.