अंदमान: पहिलीतली मुलगी, सव्वादोन वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. कार्यक्रम कसा आखावा?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात नाशिकहून अंदमानला जायचं ठरतंय. आम्ही सहा जण: मी, नवरा, सासू-सासरे, पहिलीत असलेली लेक आणि सव्वादोन वर्षांचा धाकटा. सासरे भगूरचे, म्हणजे सावरकरांच्याच जन्मगावचे. सावरकरांची कोठडी एकदा डोळ्यांनी बघायची, हे त्यांचं कित्येक वर्षांचं घोकणं आहे. लेकीला वाळू आणि समुद्र हवाय, नवऱ्याला स्कूबा करायचंय.

एजंटने सहा रात्रींचा कार्यक्रम पाठवलाय. पहिल्या दिवशी पोहोचल्याबरोबर सेल्युलर जेल आणि रात्री लाइट अँड साउंड शो. दुसऱ्या दिवशी रॉस बेट आणि नॉर्थ बे. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला निघून बाराटांगच्या चुनखडीच्या गुहा. मग हॅवलॉक बेट, तिथला एलिफंट बीच, एक रात्र नील बेटावर, आणि परत येऊन विमान.

धाकटा दुपारी साडेबारा ते अडीच झोपतोच. झोप चुकली तर संध्याकाळ सगळ्यांचीच जाते. गाडीत त्याला उलट्या होतात, बोटीचं काय होईल माहीत नाही. खाण्याचं काय करावं? बाराटांग काढून टाकावं असं मला वाटतंय, पण एजंट म्हणतो, एवढ्या लांब जाऊन ते न बघता कसं परत येणार? जे मुलांना घेऊन गेलेत त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

सागरवाट

तारखा पक्क्या नसतील तर लक्षद्वीपचाही विचार करा. तिथल्या खाजणासारख्या उथळ, निवांत पाण्यात एवढाली मुलं तासन्‌तास डुंबतात, लाटा बाहेरच्या प्रवाळाच्या कड्यावरच फुटतात. आमची मुलं साधारण याच वयाची होती. मात्र प्रवेश परवाना लागतो, राहायच्या जागा कमी आहेत आणि आगत्तीला जाणाऱ्या विमानांची तिकिटं लवकर संपतात. कोचीहून बोटीने जायचं तर प्रवास चौदा-सोळा तासांचा, तो उलटी होणाऱ्या मुलाला नको.

जंगलीघाट

ताई, मी पोर्ट ब्लेअरला संसार केलाय. नवऱ्याची नोकरी तिथे होती, जंगलीघाटला घर होतं आणि आमचा मुलगा तिथल्याच वाळूत चालायला शिकला. महाराष्ट्रातून पाहुण्यांची ये-जा सतत असायची, त्यामुळे असे कार्यक्रम पुष्कळ बघितलेत. लहान मुलांना अंदमान फार मानवतं. फक्त एजंटच्या कागदातलं निम्मं खोडा.

सुरुवात सूर्यापासून करते, कारण बाकी सगळं त्यावर बसतं. घड्याळ आपलंच, पण बेटं आहेत पार ९२-९३ रेखांशावर आणि आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशीची. जानेवारीच्या शेवटी तिथे पावणेसहाला सूर्य वर येतो आणि साडेपाचच्या आत बुडतो. सहाला काळोख. म्हणजे नाशिकच्या सवयीने नऊला आवरून बाहेर पडलात तर मुलांच्या वाट्याला नेमकं कडक ऊन येणार. त्यापेक्षा पूर्ण दिवसच तासभर अलीकडे ओढा. सहाला किनाऱ्यावर, नऊपर्यंत परत. साडेअकराला जेवण, बाराला धाकटा झोपेल. तीनला पुन्हा पाण्यात, सातला जेवण, आठला सामसूम. मुलं एक-दोन दिवसांत या वेळेवर आपोआप येतात. मोठ्यांनीही यावं, कारण रात्री बघण्यासारखं तसंही काही नसतं.

बाराटांग काढाच. पहाटे तीनला झोपलेलं पोर उचलायचं, जिरकाटांगच्या फाटकावर ताफा सुटायची वाट बघायची, मग जंगलातला लांबलचक रस्ता, मग गाड्या पलीकडे नेणारी मोठी बोट, मग छोटी बोट, मग चुनखडीच्या गुहेपर्यंत पायपीट, आणि हे सगळं उलट दिशेने पुन्हा. वाटेत ताफ्यातली गाडी थांबवता येत नाही. उलटी झाली तरी नाही.

दुसरं कारण माझ्यासाठी जास्त मोठं आहे. तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. १९९० च्या दशकाच्या शेवटापर्यंत हे लोक बाहेरच्यांपासून दूर राहिले होते. ते बाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. त्यांच्या अंगणातून गाड्यांची रांग न्यायची आणि काचेला नाक लावून माणसं शोधायची, हे मला तिथे राहत असताना एकदाही पटलं नाही. फोटो काढायला बंदी आहे, तरी लोक मोबाइल वर करतात. तुमची लेक सहा वर्षांची आहे, ती विचारेल की आपण कोणाला बघायला चाललोय. त्याला माझ्याकडे तरी चांगलं उत्तर नाही. एजंटला स्पष्ट नाही म्हणा.

आता जेल. पहिल्या दिवशी नको. नाशिकहून मुंबई, तिथून बहुधा चेन्नई किंवा कोलकात्याला विमान बदलून तुम्ही पोहोचाल तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटत असतील. त्या दिवशी झोपा, संध्याकाळी मरीना पार्कात मुलांना झोक्यावर बसवा, बास. जेल दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडता उघडता. सात इमारतींपैकी तीनच उरल्यात. मधल्या मनोऱ्यातून त्या चाकाच्या आऱ्यांसारख्या निघायच्या, आणि एका इमारतीच्या कोठड्यांची तोंडं पुढच्या इमारतीच्या पाठीकडे असायची, म्हणजे कैद्याला समोर दुसरा कैदी दिसूच नये. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे, तिला दुहेरी दार आहे. ते १९११ मध्ये तिथे आले आणि १९२१ मध्ये हलवले गेले. थोरले बंधू बाबारावही त्याच तुरुंगात होते. भगूरच्या माणसाला तिथे घाई करू नका. जिने आहेत, सासऱ्यांचे गुडघे दुखत असतील तर सावकाश चढा, आणि वर पोहोचल्यावर त्यांना तिथे थोडं एकटं सोडा. माझे वडील आले होते तेव्हा त्या उंबऱ्याशी चपला काढून उभे राहिले, बराच वेळ बोलले नाहीत.

लेकीला फाशीघर दाखवायची गरज नाही. अंगणातला तेलाचा कोलू दाखवा. बैलाऐवजी माणसाला जुंपायचे आणि ठरलेलं तेल निघालं नाही तर शिक्षा व्हायची, एवढं सांगितलं की तिला पुरेल. संध्याकाळच्या शोला सासू-सासरे आणि तुम्हा दोघांपैकी एक जण जा. अंधार, मोठा आवाज आणि किंकाळ्या धाकट्याच्या झोपेच्या वेळेला नकोत.

रॉसला मात्र सगळे जा. नकाशावर आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप लिहिलेलं दिसेल. आबर्डीन जेट्टीवरून बोटीने जेमतेम दहा-पंधरा मिनिटं. ब्रिटिशांच्या पडक्या इमारतींच्या भिंती वडाच्या मुळांनी गिळल्यात आणि त्यातून हरणं, मोर मोकळे फिरतात. ज्येष्ठांसाठी बॅटरीची गाडी मिळते. हरणांना वेफर्स देणारी माणसं भेटतील, तुमच्या मुलांना तेवढं करू देऊ नका. नॉर्थ बे सोडा.

आणि बेट एकच निवडा. हॅवलॉक आणि नील दोन्ही केलं की दर दुसऱ्या दिवशी सामान भरायचं, जेट्टीवर ताटकळायचं, बोटीत बसायचं. मी नील निवडीन (तिकिटावर शहीद द्वीप असेल, आणि पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम). इवलंसं, सपाट बेट आहे. कुठल्याही किनाऱ्यावर रिक्षाने काही मिनिटांत पोहोचता, धाकटा पेंगायला लागला की तितक्याच वेळात खोलीवर परत. भरतपूरला काचेच्या तळाची बोट मिळते, लेकीला पाय न भिजवता प्रवाळ आणि मासे दिसतील. नवऱ्याचं स्कूबाही तिथे होतं. मात्र ओहोटीला तिथे प्रवाळाचे धारदार तुकडे उघडे पडतात, मुलांच्या पायात पाण्यात चालणारे बूट हवेतच.

ओहोटी लागली की किनाऱ्यावर खाली वाकून बघायला शिकवा तिला. नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळूतलं बारीक अन्न चाखतात आणि उरलेल्या वाळूची मोहरीएवढी गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती गोळ्यांच्या रांगा चहूकडे पसरत जातात. आपण हललो की सगळे गडप. दगडासारखं बसून राहिलं की एकेक डोळा बाहेर. आमचा मुलगा यात सकाळ घालवायचा आणि भरती आली की ती सगळी नक्षी पुसली जायची, दुसऱ्या दिवशी नवी. याला तिकीट नाही, म्हणून कुठल्या कार्यक्रमात नाही.

शंख-शिंपले आणि प्रवाळ मात्र तिथेच ठेवायचे. परतताना विमानतळावर सामान तपासतात, आणि मुलीच्या हातातून गोळा केलेला खजिना काढून घेतला की रडारड होते. आधीच सांगून ठेवा: बघायचं, मोजायचं, फोटो काढायचा.

वाळूतल्या बारीक माशा चावतात, गांध्या दोन-तीन दिवस खाजतात. आम्ही सकाळ-संध्याकाळ पायांना खोबरेल तेल चोपडायचो. जेवणाची काळजी नको. हॅवलॉक-नीलवर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली कुटुंबांची वस्ती आहे, त्यामुळे डाळ-भात आणि ताजे मासे साध्या हॉटेलातही मिळतात. ताजं दूध सगळीकडे मिळेलच असं नाही, म्हणून दुधाची पावडर, मेतकूट, नाचणीसत्त्व आणि छोटी विजेची किटली घ्या. बाबागाडी नेऊ नका, वाळूत रुतते. पाठीवर बांधायची झोळी न्या.

शेवटची रात्र काहीही झालं तरी पोर्ट ब्लेअरला काढा. वारा वाढला की बोटी रद्द होतात आणि विमान थांबत नाही.

कृष्णाकाठ

मी बालरोगतज्ज्ञ आहे, जंगलीघाट यांनी लिहिलंय त्यात थोडी भर घालतो.

बोट लागू नये म्हणून दिलं जाणारं प्रोमेथाझिन दोन वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत. तुमचा मुलगा नुकताच त्या पलीकडे गेलाय, त्यामुळे स्वतःच्या मनाने देऊ नका. त्याचं वजन माहीत असलेल्या तुमच्या डॉक्टरांना विचारा. बोटीआधी पोट अगदी रिकामं नको आणि तुडुंबही नको. कोरडी पोळी किंवा बिस्किट पुरे. बसायला खालच्या मजल्यावर मधली जागा मागा, नजर बाहेर लांबवर असू द्या, मोबाइलवर गाणी लावून देऊ नका. विमान उतरायला लागलं की दोन्ही मुलांना घोट घोट पाणी द्या, कान दुखत नाहीत.

तापाचं औषध वजनानुसार डोस लिहून घेऊन न्या. थर्मामीटर, ओआरएस, डासांचं मलम आणि जंतुनाशक जवळ असू द्या. मोठं सरकारी रुग्णालय पोर्ट ब्लेअरला आहे, छोट्या बेटांवर प्राथमिक सोयच मिळते. प्रवाळाने कापलं तर जखम स्वच्छ पाण्याने भरपूर धुवा, आत कण राहिले तर ती चिघळते.

सगळ्यात महत्त्वाचं: दंडात घालायच्या हवा भरलेल्या कड्या ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर मूल सोडू नका. लहान मूल बुडताना ओरडत नाही. पाण्यात असताना प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, हाताच्या अंतरावर, आणि त्या माणसाच्या हातात फोन नाही. नेमकं कोण कोणाकडे बघतंय हे बोलून ठरवा. ‘सगळे आहेत की’ असं म्हटलं की कोणीच बघत नसतं.

गोदाकाठ

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सासऱ्यांना जेलबद्दलचं वाचून दाखवलं, ते खूश आहेत. बाराटांग रद्द केलं, एजंट नाराज झाला. एक अडचण उरलीय. नवरा म्हणतो, हॅवलॉकचा राधानगर किनारा न बघता परत यायचं नाही. नील सोडून हॅवलॉक केलं तर फार बिघडेल का? आणि तिथे मगरी आहेत असं कुठेतरी वाचलं, सासूबाई घाबरल्यात.

जंगलीघाट

काही बिघडत नाही. मग हॅवलॉकला सलग तीन रात्री राहा आणि नीलचं नाव काढू नका. राधानगरची वाळू मऊ आहे आणि मागे उंच झाडांची दाट सावली आहे, सासू-सासरे तिथे निवांत बसतील. किनारा पश्चिमेला असल्यामुळे सूर्यास्त समोर. साडेतीनच्या सुमारास पोहोचा, अंधार पडायच्या आत निघा. जेट्टीपासून ते दहा-बारा किलोमीटरवर आहे, त्यामुळे परतीची रिक्षा आधी सांगून ठेवा. एलिफंट बीचला नवरा आणि हवं तर लेक जाऊ दे, धाकट्याला नेऊ नका.

मगरींची भीती बिनबुडाची नाही. खाऱ्या पाण्यातल्या मगरी खाड्यांत आणि खारफुटीत असतात, आणि २०१० मध्ये राधानगरच्या बाजूला एका पर्यटक महिलेचा जीव गेला होता. म्हणून नियम साधा: जीवरक्षक आहेत, झेंडे लावलेत, तेवढ्याच पट्ट्यात पाण्यात उतरायचं. किनाऱ्याच्या टोकाला खाडीचं तोंड आहे तिकडे गुडघाभर पाण्यातही नाही, पाटी असो वा नसो. लाटाही तिथे नीलपेक्षा जोरात असतात, धाकट्याला काठावरच खेळवा.

राहायला पूर्वेकडचा विजयनगर किंवा गोविंदनगरचा भाग बघा, जेट्टी आणि जेवणाच्या जागा जवळ पडतात. बोटीची तिकिटं आधी, हॉटेल नंतर. सहा जणांची एकाच बोटीत जागा कोणत्या दिवशी आहे ते बघून मग रात्री ठरवा, आणि जाताना सकाळचीच बोट घ्या. मोठ्यांची ओळखपत्रं, दोन्ही मुलांची आधार कार्डं आणि छापलेली तिकिटं एका पिशवीत सासूबाईंकडे द्या. जेट्टीवर तुमचे दोघांचे हात मुलांनी अडकलेले असतील.