मदत हवी आहे: एनजिनएक्समागे नोडचं अ‍ॅप, फक्त पोस्ट रिक्वेस्टवर अधूनमधून ५०२

एनजिनएक्स (वेब सर्व्हर) रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून आहे, म्हणजे रिक्वेस्ट आधी त्याच्याकडे येते आणि तो ती मागे पाठवतो; मागे नोडचं (सर्व्हरवरची जावास्क्रिप्ट) एकच अ‍ॅप चालतं. डेटा पाठवणाऱ्या पोस्ट रिक्वेस्टवर अधूनमधून ५०२ येतो, म्हणजे मागच्या अ‍ॅपकडून नीट उत्तर न मिळाल्याचा एरर. कॉन्फिगच्या अपस्ट्रीम ब्लॉकमध्ये (मागच्या अ‍ॅपची सेटिंग) कीपअलाइव्ह ३२ दिलंय, म्हणजे ३२ पर्यंत रिकामी कनेक्शन पुन्हा वापरायला उघडी ठेवायची. प्रॉक्सी एचटीटीपी व्हर्जन १.१ आणि कनेक्शन हेडर रिकामा, हेही केलेलं आहे.

एरर लॉगमध्ये दरवेळी हेच: 'अपस्ट्रीम प्रीमॅच्युअरली क्लोज्ड कनेक्शन व्हाइल रीडिंग रिस्पॉन्स हेडर', म्हणजे उत्तर येण्याआधीच अ‍ॅपने कनेक्शन बंद केलं. गेट रिक्वेस्टवर (फक्त डेटा मागणाऱ्या) कधीच येत नाही. ट्रॅफिक कमी असताना जास्त येतो, त्यामुळे लोडचा संशय मी सोडून दिला. नोडची प्रोसेस रीस्टार्ट होत नाही, मेमरीही भरपूर मोकळी आहे.

रीड टाइमआउट वाढवून काडीचा फरक पडला नाही. पडणारही नव्हता म्हणा, ५०२ काही मिलिसेकंदांतच येतो. कीपअलाइव्हची ओळ काढली की त्रास थांबतो, पण मग दर रिक्वेस्टला नवं कनेक्शन आणि टाइम-वेटमधल्या (बंद होऊनही काही वेळ अडकून राहिलेल्या) सॉकेटचा ढीग.

माझा अंदाज: नोड रिकामं कनेक्शन ५ सेकंदांत बंद करतं, एनजिनएक्स मात्र ते ६० सेकंद धरून ठेवतं. मेलेल्या कनेक्शनवर गेट गेली तर एनजिनएक्स ती गुपचूप पुन्हा पाठवतं, पोस्ट पाठवत नाही.

नॉन-आयडेंपोटंट (पोस्टही पुन्हा पाठवू देणारी सेटिंग) चालू करा असं कृपया सुचवू नका, पेमेंटची नोंद दोनदा होईल. अ‍ॅपचा कोडही माझ्या हातात नाही, फक्त एनजिनएक्सचं कॉन्फिग आहे.

अपस्ट्रीममधला कीपअलाइव्ह टाइमआउट ४ सेकंदांवर आणला तर हा प्रकार पूर्ण थांबेल, की फक्त कमी होईल? प्रॉडक्शनवर कुणी असं चालवलंय का?