मदत हवी आहे: लॉन बोल्सचा क्लब काढतोय, गवत कुठलं लावू आणि बोल्स कुठे मिळतील?

घाईतली_सून
नमस्कार. पाल्हाळ लावत नाही. आम्हाला लॉन बोल्सचा क्लब सुरू करायचा आहे. माणसं तयार आहेत, जागा मिळाली आहे. प्रश्न दोनच. एक, गवत कुठलं लावायचं? दोन, बोल्स भारतात कुठे मिळतात? सध्या एकच सेट आहे, बाबांनी येताना आणलेला. रविवारी मीटिंग आहे, त्याआधी उत्तर हवंय. जाणकारांनी प्लीज सांगा.

गल्लीक्रिकेटर
बोलिंग मशीनच घेऊन टाका ना. गवत कशाला? आमच्या अकॅडमीत लाल मातीचं टर्फ केलंय, मुलं खूश आहेत.

घाईतली_सून
क्रिकेट नाही हो! लॉन बोल्स. बोल घरंगळत सोडून लहान चेंडूजवळ न्यायचा. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या बायकांनी सुवर्ण आणलं तो खेळ.

रांची_रिटर्न
लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेला १७-१० हरवलं. आम्ही तेव्हा रांचीत होतो, लवली आणि रूपा तिथल्याच. नामकुमला राष्ट्रीय स्पर्धांसाठी ग्रीन, म्हणजे खेळायचं हिरवं मैदान, बांधलं होतं, ते जवळून बघितलंय. दुरून वाटतं बिलियर्डचं टेबल कुणी उन्हात ठेवलंय. बोलिंग फेडरेशन ऑफ इंडियाला सरळ पत्र टाका, सामानाचं तेच नीट सांगतील.

ऑकलंडचा_अण्णा
सूनबाई, आधी एवढं सांगा. गाव कुठलं? जागा लांबी-रुंदीला किती? माती कसली? जागा कोणाच्या मालकीची? पाणी बोअरचं की नळाचं? मंडळी किती, वय काय? बाबा म्हणजे वडील की सासरे, आणि कुठून येताना सेट आणला? हे माहीत नसताना गवत सांगणं म्हणजे रोगी न बघता औषध देणं.

घाईतली_सून
अण्णा, एवढं सगळं लागतं का? असो. नाशिक. बाबा म्हणजे सासरे. नणंद न्यूझीलंडला हॅमिल्टनला असते, तिच्याकडे पाच महिने राहून आले आणि तिथल्या क्लबात रोज जायचे. आता त्यांचा सकाळचा फिरायचा ग्रुप, चौदा जण, सगळे रिटायर्ड. जागा भरपूर आहे. गवतही आहे, पण ते चालत नाही. बोल नऊ-दहा मीटरवर जाऊन बसतो. बाबा म्हणतात, तिथे केळ्यासारखा वळायचा, इथे सरळ जातो आणि मान टाकतो.

ऑकलंडचा_अण्णा
आता कळलं. गवत उंच आहे म्हणून तो वळत नाही. बोल जसा मंदावतो तसा जास्त वळतो. वळायला त्याला वेळ मिळायला हवा. तुमच्या गवतात तो वळायच्या आधीच थांबतो. आम्ही ग्रीनचा वेग सेकंदात मोजतो: हातातून सुटलेला बोल २७ मीटरवर थांबायला किती वेळ घेतो. सेकंद जितके जास्त तितकं ग्रीन वेगवान, ऐकायला उलटं वाटतं. इथे चांगल्या ग्रीनवर पंधरा-सोळा सेकंद सहज मिळतात. आणि गंमत म्हणजे इकडच्या पुष्कळ क्लबांत गवत नसतंच. कोटुला नावाची जमिनीला चिकटून वाढणारी वनस्पती असते. मी म्हणेन, तीच बघा.

पाटपाणी
अण्णा, कोटुला नाशिकच्या एप्रिलमध्ये? दोन दिवसांत पापड होईल. मी आयुष्य कृषी खात्यात काढलं आहे. ऑस्ट्रेलियाच्या उष्ण भागांत ग्रीनवर टिफड्वार्फ लावतात, ती काय आहे ठाऊक आहे का? आपल्या हरळीची संकरित नात. हो, तीच हरळी, जी उपटता उपटता शेतकऱ्याच्या पिढ्या गेल्या आणि गणपतीत जिची जुडी आपण विकत आणतो. उन्हाला दाद देत नाही, तुडवलेलं सहन करते. नर्सरीवाला मेक्सिकन लॉन गळ्यात मारेल, घेऊ नका, ते गादीसारखं होतं. उंची पाच मिलीमीटरच्या आत ठेवावी लागते. त्यासाठी फिरत्या पात्याचं साधं यंत्र चालत नाही, रुळासारखी पाती असलेलं सिलिंडर मोअर लागतं. गोल्फ क्लबात जुनं मिळतंय का विचारा. आणि खाली काळी माती असेल तर उन्हाळ्यात भेगा पडतील. तेव्हा वाळूचा थर आणि खाली निचरा, याशिवाय हातच घालू नका.

घाईतली_सून
धन्यवाद काका, हे उपयोगाचं. म्हणजे टिफड्वार्फ. बोल्सचं काय?

गुडघे_मोकळे
चौदा ज्येष्ठ नागरिक वाकून चेंडू सोडणार म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न येणारच. तिळाच्या तेलात ओवा आणि लसूण कढवून रात्री चोळायचं. माझ्या आईला २१ दिवसांत फरक पडला. रेसिपी सविस्तर हवी असल्यास विचारा.

बोल्टनकरीण
गुडघ्यांसाठी तेल नको, ‘बोलिंग आर्म’ मिळतो, काठीच्या टोकाला पकड असते, वाकावं लागत नाही. आमच्या क्लबात ऐंशीच्या पुढचे तेच वापरतात.
बोल्सबद्दल: भारतात शोधत बसण्यापेक्षा परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून जुने मागवा. हेन्सेलाइट, टेलर, ड्रेक्स प्राइड, कुठल्याही कंपनीचे चालतील. इथे इंग्लंडात क्लब बंद पडतात, आजोबा जातात, सेट माळ्यावरून निघतात. चारचा एक सेट सहा किलोच्या आसपास भरतो, एका माणसाच्या बॅगेतून एक. पण मापं बघा. दोन्ही हातांचे अंगठे आणि मधली बोटं जोडून बोलभोवती कडं करायचं. सहज जुळलं की ते तुमचं माप.

गल्लीक्रिकेटर
वळतो कसा पण? आत एका बाजूला शिसं भरलेलं असतं ना?

बोल्टनकरीण
नाही. पूर्वी शिसं, पितळ घालायचे. आता वळण फक्त आकारातून येतं, एक बाजू किंचित चपटी. जुने बोल लिग्नम विटे लाकडाचे असत, पाण्यात बुडेल इतकं जड लाकूड. म्हणून म्हातारे अजून ‘वुड्स’ म्हणतात.

गल्लीक्रिकेटर
आमच्या काकांनी कापून बघितला होता, शिसं होतं.

बोल्टनकरीण
तुमच्या काकांनी काय कापलं ते देव जाणे.

विदर्भाचा_वाघोबा
अबे, हे तर लहानपणीच्या गोट्यांचंच मोठं रूप आहे ना. आमच्या मोहल्ल्यात एक गड्डी होती, तिच्याजवळ जो जाईल तो राजा. पिंपळाखाली दुपारभर खेळायचो, मास्तर यायचे अन् सगळ्या गोट्या जप्त. आता तेच खेळायले क्लब पाहिजे, घटना पाहिजे, परदेशातला बोल पाहिजे.

वकीलकाका
घटनेचा विषय निघालाच आहे म्हणून. हा सल्ला नव्हे, माहिती. किमान सात सभासद, संस्था नोंदणी कायदा १८६० खाली नोंदणी, आणि महाराष्ट्रात त्यासोबत सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० म्हणजे धर्मादाय आयुक्त. गृहनिर्माण सोसायटीच्या नोंदणीशी याची गल्लत करू नका, तो सहकारी संस्थांचा १९६० चा कायदा, वेगळं खातं. उद्दिष्टांत फक्त ‘लॉन बोल्स’ लिहू नका, ‘मैदानी व बैठे खेळ’ असं व्यापक लिहा. पुढे कॅरम घालायचा झाला तर अडचण नको.

चहाबाज
वकीलकाकांना नमस्कार करून सांगतो, आधी खेळा, मग घटना लिहा. आमच्या हास्यक्लबाने उलट केलं. आता अध्यक्ष दोन आहेत आणि हसणारा एकही नाही. चौदा जण म्हणताय ना, पहिल्या महिन्यात चौदा, तिसऱ्या महिन्यात पाच. पाणी कोण मारणार, कापणार कोण, हे रविवारी नावानिशी लिहून घ्या. ‘सगळे मिळून करू’ म्हणजे कोणीच करणार नाही.

ऑकलंडचा_अण्णा
चहाबाजांशी सहमत. आमच्या क्लबात गवत कापणारा, बार सांभाळणारा, हिशेब ठेवणारा, सगळे फुकट काम करणारे सभासदच. शनिवारी कामाला जमतात आणि नंतर प्रत्येक जण खायला काही तरी घेऊन येतो. पण सूनबाई, जागेचं तुम्ही अजून सांगितलं नाही. कोणाची?

घाईतली_सून
मिळाली आहे म्हटलं ना. बाबांच्या मावसभावाची. गंगापूर रोडच्या पुढे त्यांचं लॉन आहे.

पाटपाणी
लॉन म्हणजे??

घाईतली_सून
लॉन म्हणजे लॉन. मंगल कार्यालय आणि लॉन. लग्नाचं.

विदर्भाचा_वाघोबा
😂😂😂 लॉन बोल्स लॉनवरच! अक्षता उचलून घ्या बरं आधी.

पाटपाणी
ताई, हे पहिल्या ओळीत सांगायला हवं होतं. मी तुम्हाला वाळूचा थर सांगत बसलो. त्या जागेवर टिफड्वार्फ लावून पाच मिलीमीटरवर कापलं आणि दुसऱ्या दिवशी आठशे माणसं, बुफेची टेबलं आणि नवरदेवाची घोडी त्यावरून गेली, तर सकाळी काय उरेल?

घाईतली_सून
ते रोज थोडंच असतं. मुहूर्त नसतील तेव्हा खेळायचं. चातुर्मासात तर चार महिने एकही लग्न नसतं, पूर्ण मोकळं. लॉनवाले काका म्हणाले, आषाढी ते कार्तिकी तुमचंच.

चहाबाज
आषाढी ते कार्तिकी म्हणजे पावसाळा. खेळायचे महिने म्हणजे तुळशीच्या लग्नापासून मेपर्यंत, आणि तेव्हाच लग्नं. काकांनी तुम्हाला छत्री दिली आहे, मैदान नाही.

घाईतली_सून
...हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. चौदांपैकी चौदा रिटायर्ड, त्यात तीन इंजिनिअर.

बोल्टनकरीण
थांबा, निराश होऊ नका. ग्रीन सपाटच हवं असंही नाही. इथे उत्तर इंग्लंडमध्ये क्राउन ग्रीन खेळतात, मध्ये उंचवटा, कडांकडे उतार, कुठल्याही दिशेने टाका. त्यात जॅकसुद्धा, म्हणजे ज्याच्याजवळ बोल न्यायचा तो लहान चेंडूही, वळतो. लग्नाच्या लॉनला उतार असेल तर हेच खेळा.

ऑकलंडचा_अण्णा
मावशी, नवशिक्यांना क्राउन ग्रीन? आधी सपाट येऊ दे. शिवाय पूर्ण ग्रीन लागतंच कशाला? खेळायच्या दिशेने ३१ मीटर लांबी आणि एका रिंकला, म्हणजे एका सामन्याच्या पट्ट्याला, साडेचार-पाच मीटर रुंदी, एवढा पट्टा पार्किंगच्या कडेला मिळाला तरी चौघं खेळतील. सूनबाई, गवंड्याकडून लेव्हल ट्यूब आणा, पाण्याची पारदर्शक नळी, आणि उतार मोजून सांगा.

बोल्टनकरीण
‘मावशी’ कोणाला म्हणताय? मी त्रेचाळीसची आहे. आणि सपाट येईपर्यंत तिथल्या लोकांनी काय करायचं? हॉल आहे का तिथे? असेल तर शॉर्ट मॅट. ४० ते ४५ फूट लांब, ६ फूट रुंद गालिचा, मध्ये एक ठोकळा, त्याला वळसा घालून टाकायचं. थंडीत आम्ही चर्चच्या हॉलमध्ये तेच खेळतो. खेळून झालं की गुंडाळून ठेवला, खुर्च्या परत लावल्या.

गुडघे_मोकळे
हॉलमध्ये फरशी गार असते. मोजे घालावेत.

घाईतली_सून
(रविवार, रात्री)
सगळ्यांना सांगते, मीटिंग झाली.
सकाळी आधी लॉनवर गेलो. लेव्हल ट्यूबने मोजलं, स्टेजपासून गेटपर्यंत अकरा इंच उतार. पाणी निघून जावं म्हणून मुद्दाम ठेवलाय. शिवाय मांडवाच्या पाइपांची भोकं. बाबांचा एक बोल सरळ भोकात जाऊन बसला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं तेच करायचं असतं.
मग जेवणाच्या हॉलमध्ये गेलो. बासष्ट फूट लांब. कोपऱ्यात डेकोरेशनवाल्याचं हिरवं कार्पेट गुंडाळून पडलं होतं, पट्टे जोडून पंचेचाळीस फूट अंथरलं. पहिले दोन उलट्याच बाजूला वळले, कारण आम्ही बोल उलटा धरत होतो. मग बाबांना आठवलं, बोलच्या दोन बाजूंना चिन्हं असतात, त्यातलं लहान चिन्ह आतल्या बाजूला. तिसरा सुटला तो आधी उजवीकडे, भिंतीकडे चालल्यासारखा, आणि शेवटच्या दहा फुटांत हळूच आत वळला. सत्तर वर्षांचे बाबा ओरडले, ‘हेच, हेच!’ कार्पेटच्या जोडावर मात्र उडी मारतो.
ठरलं ते असं: सध्या हॉल, मुहूर्त नसलेल्या दिवशी सकाळी सात ते नऊ. भाडं नाही, पण झाडून आम्हीच द्यायचं. प्रत्येकी दोन हजार जमा केले, खजिनदार सुळेवहिनी, अध्यक्ष कोणी नाही (चहाबाज, तुमचं वाचून दाखवलं). पार्किंगच्या कडेच्या पट्ट्यावर हरळीचा प्रयोग, पाटपाणी काका, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. नणंद डिसेंबरात येतेय, एक सेट आणेल. अजून दोन हवेत. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी कृपया कळवा.
कार्पेटचा जोड कसा सपाट करायचा, हे कुणाला माहीत आहे का?

गल्लीक्रिकेटर
खालून डबल टेप. आणि हो, काकांना विचारलं. त्यांनी डंबेल कापला होता.

नवा_सदस्य_७७
नमस्कार, पहिल्यांदाच लिहितो आहे. गंगापूर रोडच्या या लॉनचं भाडं किती आणि किती माणसांची सोय आहे? बहिणीसाठी तुळशीच्या लग्नानंतरची पहिली तारीख हवी आहे.