सर्क्युलर ठरावाला एकमत लागत नाही

कंपनीच्या संचालक मंडळाची सभा न घेता, मसुदा संचालकांमध्ये फिरवून केलेल्या ठरावावर (म्हणजे सर्क्युलर ठरावावर) प्रत्येक संचालकाची सही हवीच, असे या चर्चेतील एका प्रतिसादात म्हटले आहे. हा नियम अमेरिकेतील डेलावेअर राज्याचा आहे. आपल्याकडे कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७५ नुसार मतदानास पात्र संचालकांचे बहुमत पुरेसे ठरते. मात्र हे बहुमत उत्तर देणाऱ्यांचे नव्हे, तर सर्व पात्र संचालकांचे मोजले जाते. त्यामुळे सहापैकी तिघांनी होकार कळवला आणि उरलेले गप्प राहिले, तर ठराव संमत होत नाही. शिवाय एकूण संचालकांपैकी एक तृतीयांश जणांनी मागणी केली, तर तो विषय सभेपुढे ठेवावाच लागतो. अल्पमतातील संचालकांना मिळालेले हे संरक्षण मला फार मोलाचे वाटते.

चर्चेत न आलेला मुद्दा कलम १७९(३) चा आहे. कर्ज घेणे, निधी गुंतवणे, वार्षिक हिशेबांना मंजुरी देणे असे विषय सभेतच ठरवावे लागतात. मी काम पाहत असलेल्या एका छोट्या खासगी कंपनीने कर्जाचा ठराव ईमेलवर फिरवून सगळ्यांचे होकार घेतले होते. ठरावाच्या प्रमाणित प्रतीवरचा ‘सर्क्युलेशनद्वारे संमत’ हा शेरा वाचून बँकेच्या विधी विभागाने सगळी कागदपत्रे परत पाठवली. सात दिवसांची नोटीस काढून रीतसर सभा घेईपर्यंत कच्च्या मालाचे पैसे अडकून पडले. फिरवलेला ठराव वैध असला, तरी पुढच्या सभेत त्याची नोंद घेऊन तो इतिवृत्तात समाविष्ट करणेही बंधनकारक आहे.