डायव्हिंग मास्कमधे पाणी शिरतं? तुमचा अनुभव सांगा

थंडी पडली की पुण्यातल्या निम्म्या ऑफिसांचे ग्रुप मालवण-तारकर्लीला निघतात, आणि परत आल्यावर मासे किती दिसले यापेक्षा मास्कमधे पाणी किती गेलं याच्याच गप्पा जास्त. म्हणून हा धागा. भाड्याचा असो वा स्वतःचा, मास्क का गळत होता आणि कशाने थांबला ते लिहा. नुसतं "पट्टा आवळा" लिहू नका प्लीज, ते सगळेच करतात आणि बऱ्याचदा त्यानेच वाढतं.

*

मिशी! विषय संपला. नाकाखाली सिलिकॉनची कड केसांवर बसते आणि पाणी केसाकेसातून आत. इन्स्ट्रक्टर म्हणाला काढून टाका, म्हटलं लग्नात नाही काढली ती आता काढू होय? मग तडजोड केली, नाकाच्या लगेच खालची बारीक पट्टी तेवढी रेझरने साफ, बाकी मिशी जागेवर. घरी कुणाच्या लक्षात पण आलं नाही. थोडं पाणी अजून येतं पण चालतंय.

*

आता कुणीतरी व्हॅसलीन लावा म्हणणारच, म्हणून आधीच सांगते, नका लावू. रबर त्याने खराब होतं, आणि भाड्याचा मास्क तुमच्यानंतर दुसऱ्याच्या तोंडावर जाणार असतो. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस. आणि हो, बोटीत बसल्यावर थापलेलं सनस्क्रीन! कपाळावर आणि गालावर जिथे कड टेकते तिथे ते असलं की मास्क सरकतच राहतो.

*

पट्ट्याबद्दल. मी टिळक तलावावर पोहायला जाते, तिथे काहीजण स्नॉर्केलचा (पाण्याखाली तोंड ठेवून श्वास घ्यायची नळी) सराव करतात, त्यांचं बघून सांगते. पट्टा डोक्याच्या मागे, कानांच्या वर, जिथे डोकं सगळ्यात फुगीर असतं तिथे हवा. मानेकडे घसरला की मास्कची कड नीट बसत नाही. फार आवळला की कडेला घडी पडते आणि त्या घडीतूनच पाणी येतं, मग माणूस अजून आवळतो, अजून येतं. पाण्याचा दाब मास्क चेहऱ्यावर दाबून धरतोच, पट्टा फक्त तो हलू नये म्हणून. आणि मुलींनो, कपाळावरची एक बट जरी कडेखाली राहिली तरी पुरे.

*

विकत घेणाऱ्यांसाठी. पट्टा पुढे टाका, मास्क नुसता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलकेच श्वास ओढा आणि हात सोडा. टिकला तर बरा. हलकेच म्हणजे हलकेच, जोरात ओढला तर कुठलाही मास्क चिकटतो आणि दुकानदार खूश. मग तोंडात माउथपीस (श्वासाच्या नळीचं दातात धरायचं टोक) धरून परत करा, कारण दात आवळले की गालांचा आकार बदलतो. लक्ष्मी रोडला चपला घेताना जेवढा वेळ घालवतो तेवढा तरी इथे घालवा. महागडा मास्क तुमच्या चेहऱ्याला बसेलच असं नाही, माझ्या मित्राचा भारीतला मास्क माझ्या तोंडावर चाळणी.

*

खाली मासे बघून हसू नका. खरंच. गालाला घड्या पडतात, पाणी आत.

*

चष्मेवाले, चष्मा घालून वर मास्क अजिबात नाही, काड्या कडेखालून जातात. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात. आणि पोहायचा गॉगल घेऊन खाली जाऊ का असं विचारणाऱ्यांना: नाही. नाक आत असलंच पाहिजे. १० मीटरवर दाब वरच्या दुप्पट होतो, खाली जाताना नाकाने थोडी हवा मास्कमधे सोडत राहावी लागते, नाहीतर मास्क डोळ्यांना ओढतो.

*

सगळं करूनही थोडं गळणारच, त्यामुळे पाणी बाहेर काढायला शिका हे माझं मत. मास्कची वरची कड कपाळाशी दाबून धरायची, मान जराशी वर, आणि नाकातून सावकाश फुंकायचं, हवा वर जमते आणि पाणी खालच्या कडेतून निघून जातं. डायव्हिंगच्या कोर्समधे मास्क मुद्दाम भरून हे करायला लावतात. मालवणला आयत्या वेळी शिकण्यापेक्षा इथेच तलावात, उभं राहता येईल तिथे करून बघा, पण सोबत कुणीतरी जाणकार असू द्या. पहिल्यांदा नाकात पाणी जातं, खोकला येतो, बाजूचे आजोबा बघत बसतात. बघू देत.